कॅशबॅक कार्ड की ट्रॅव्हल कार्ड? घरखर्चातून शेकडेवारीचा पाठ



सातपूर एमआयडीसीत किंवा कुठेही नोकरी लागली, पगार बँकेत जमा होऊ लागला, की थोड्याच दिवसांत क्रेडिट कार्डाचा फोन येतो. "सर, लाइफटाइम फायदा आहे, विमानाचं तिकीट फुकट!" असं ऐकलं की मोह होतोच. आपली मुलं सातवीत सरळ व्याज, आठवीत चक्रवाढ व्याज आणि नववीत अर्थनियोजन शिकतात. मग हाच प्रश्न त्यांच्याकडूनच सोडवून घेऊ या.

दोन कार्डांतला फरक

कॅशबॅक कार्ड : खर्चाच्या ठरावीक टक्के रक्कम रुपयांतच परत मिळते. ती बहुधा बिलातून वजा होते. समजायला सोपं.

ट्रॅव्हल कार्ड : खर्चावर पॉइंट्स मिळतात. ते विमानाच्या तिकिटासाठी किंवा हॉटेलसाठी वापरायचे. त्याच पॉइंट्सचं गिफ्ट व्हाउचर घेतलं, तर एका पॉइंटची किंमत बऱ्याचदा कमी धरली जाते. खरी गोम इथेच आहे.

उदाहरण (आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत)

एका कुटुंबाचा कार्डावरचा महिन्याचा खर्च १४,००० रुपये. त्यात २,००० रुपयांचं पेट्रोल. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं अशा खर्चांवर अनेक कार्डं काहीच देत नाहीत. म्हणून हिशोबात धरायचे १२,०००, म्हणजे वर्षाला १,४४,००० रुपये.

१) कॅशबॅक कार्ड : १ टक्का परतावा, वार्षिक फी ५०० रुपये.
परतावा = १,४४० रुपये.
फी अधिक १८ टक्के जीएसटी = ५९० रुपये.
निव्वळ फायदा = ८५० रुपये.

२) ट्रॅव्हल कार्ड : १०० रुपयांना २ पॉइंट्स, वार्षिक फी १,५०० रुपये.
पॉइंट्स = २,८८०. फी अधिक जीएसटी = १,७७० रुपये.
विमान तिकिटासाठी १ पॉइंट = १ रुपया धरला, तर फायदा १,११० रुपये.
व्हाउचरसाठी १ पॉइंट = २५ पैसे धरला, तर मिळतात फक्त ७२० रुपये. म्हणजे १,०५० रुपयांचा तोटा!

कार्ड तेच, खर्चही तेवढाच. फरक पडला तो पॉइंट्स कसे वापरले यामुळे. मुलांना विचारा : दोन्ही कार्डं बरोबरीत येण्यासाठी एका पॉइंटची किंमत किती हवी? (१,७७० + ८५०) ÷ २,८८० = सुमारे ९१ पैसे. यापेक्षा कमी मिळत असतील, तर या घरासाठी कॅशबॅकच बरं.

आपण प्रवास कसा करतो?

आता प्रामाणिकपणे बघा. सुट्टीत गावी जाताना आपण एसटीने जातो, नाहीतर नाशिकरोडहून रेल्वेने. ओझरच्या विमानतळावरून वर्षातून किती वेळा उडतो? विमानतळावरच्या लाउंजची सोय चांगलीच, पण तिथे जाणंच होत नसेल तर तिचं मोल शून्य. कामानिमित्त वारंवार विमानप्रवास करणाऱ्याचं गणित मात्र वेगळं येईल. ज्यांचं गाव लांब आहे आणि वर्षातून तीन-चारदा रेल्वेचं आरक्षण होतं, त्यांनी आयआरसीटीसीशी जोडलेल्या कार्डांच्या अटीही पाहाव्यात.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा

समजा बिल आलं २०,००० रुपये आणि 'मिनिमम ड्यू' म्हणून १,००० रुपयेच भरले. बाकी १९,००० वर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर ६६५ रुपये. त्यावर जीएसटी धरून जवळपास ७८५ रुपये. वर्षभर जमवलेले ८५० रुपये एका महिन्यात जवळजवळ संपले! प्रत्यक्षात आकडा याहूनही वाढतो, कारण पूर्ण बिल न भरल्यास व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. महिना साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षाला ते सरळ हिशोबानेच ४२ टक्के होतं. म्हणून पूर्ण बिल वेळेवर भरणं जमत नसेल, तर दोन्हींपैकी एकही कार्ड नको.

पालकांनी लक्षात ठेवावं

- रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार अर्जासोबत व्याज, फी वगैरे सांगणारं एक पानी पत्रक मिळायला हवं. सही करण्याआधी ते वाचा.
- तुमच्या संमतीशिवाय कार्ड देता येत नाही.
- सर्व बाकी भरून कार्ड बंद करायला सांगितलं, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला मिळतो.

मुलांसाठी उपक्रम

१) घरच्या एका महिन्याच्या खर्चाची यादी करा : किराणा, वीजबिल, मोबाइल, पेट्रोल, प्रवास.
२) कशावर परतावा मिळेल, कशावर नाही, ते वेगळं करा.
३) वरच्या दोन्ही कार्डांचा निव्वळ फायदा काढा.
४) एका पॉइंटची किंमत ५० पैसे धरून उत्तर पुन्हा काढा आणि कोणतं कार्ड घ्याल ते कारणासह लिहा.

खर्चाचे खरे आकडे सांगायला घरच्यांना संकोच वाटत असेल, तर काल्पनिक आकडे चालतील. आणि एक गोष्ट मुलांना जरूर सांगा : कॅशबॅक मिळतो म्हणून जास्तीची खरेदी केली, तर १ रुपया मिळवायला ९९ रुपये घालवल्यासारखं होतं. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण कार्डालाही तेवढीच लागू आहे.