पावसाळ्याचे सरपण : जात पाहावी की ओल पाहावी?

कसबे, आंबे आणि कुंभे शिवथरच्या बाजूस सरपणाची गोष्ट निघाली की पहिला वाद लाकडाच्या जातीचा होतो. ऐन बरा की किंजळ, खैराचा निखारा किती वेळ टिकतो, यांवर मते पुष्कळ. आमच्या मते हा प्रश्न दुसरा होय. लाकडात पाणी किती, हा पहिला.

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. 20 किलोची ओली मोळी घेतली तर तीत सुमारे 10 किलो पाणीच घरी येते, आणि त्याची वाफ होण्यात उरलेल्या लाकडाच्या उष्णतेचा सुमारे सातवा हिस्सा खर्ची पडतो. एवढेच असते तर सोसले असते. परंतु ओलीमुळे विस्तव मंद राहतो, लाकडातून सुटणारे वायू पेट न घेता धूर होऊन निघतात, आणि ती उष्णता फुकट जाते. त्याचा जाच सरपण विकत घेणाऱ्या यजमानास होत नाही. तो श्रावणात फुंकणी घेऊन बसणाऱ्या बायांच्या डोळ्यांस व छातीस होतो. गॅस पुष्कळ घरी आला हे खरे. तथापि आंघोळीचे पाणी आणि भाकरी यांसाठी चूल पेटतेच.

आता जातीविषयी. सारखे वाळलेले असल्यास किलोमागे उष्णता सर्व लाकडांत जवळजवळ सारखीच मिळते. भेद आहे तो घट्टपणाचा. पांगारा, सावर ही हलकी लाकडे भडकन पेटतात व लवकर संपतात. विस्तव लावण्यास ती उत्तम. ऐन, किंजळ, धावडा, खैर यांचा निखारा टिकतो, म्हणून कुळीथ शिजविण्यास व भाकरी फुलविण्यास तीच हवीत. बांबू न फोडता घातल्यास पेरातील हवा तापून तो फुटतो व निखारे उडतात. बिब्बा आणि कण्हेर मात्र चुलीत कदापि घालू नयेत. त्यांचा धूर अपायकारक असतो.

आमची हयात महसुली दप्तरांत गेली, म्हणून एक सांगणे भाग आहे. ऐन, किंजळ, खैर, जांभूळ ही झाडे 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. झाड मालकीच्या जमिनीत असले तरी तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी. सरपणासाठी उभे झाड पाडण्याची गरजही सहसा पडत नाही. राबासाठी कवळ तोडतो त्यातील अंगठ्याहून जाड फांद्या निराळ्या काढल्या तरी बरीच बेगमी होते. राबास पाला व काटक्या पुरेत.

भातकापणी उरकताच लाकूड हात-सव्वा हात लांबीचे कापून फोडावे. सालीतून पाणी सावकाश जाते, फोडलेल्या अंगातून व टोकांतून लवकर. दगडांवर आडवे-उभे रचून वारा खेळू द्यावा. एका ढलपीवर खूण करून दर आठवड्यास तिचे वजन करावे. ते घटेनासे झाले की लाकूड वाळले. टोकांस भेगा पडणे व दोन तुकडे आपटल्यास खणखणीत वाजणे, या खुणाही चांगल्या.

मृगापूर्वी सर्व पडवीत घ्यावे, परंतु भिंतीस चिकटवू नये. पावसाळी दमट हवेत वाळलेले लाकूडही ओल धरते, म्हणून आठवड्यापुरत्या ढलप्या चुलीवरच्या माळ्यावर, ठिणगी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर ठेवाव्यात, व त्या संपतील तसतशा पडवीतल्या वर चढवाव्यात.