न दिसणारा वायू : मोजणे आणि सांगणे

गिरणीच्या धुराड्यातून निघणारा धूर डोळ्यांना दिसतो आणि नाकालाही कळतो. त्याविरुद्ध तक्रार करायची झाली तर कोणत्याही यंत्राची गरज पडत नाही. अणुवीज केंद्राच्या धुराड्यातून मात्र धूर निघत नाही, कारण तेथे काही जळतच नाही. तरीसुद्धा ते धुराडे शोभेसाठी बांधलेले नसते. केंद्र अगदी सुरळीत चालू असतानाही त्यातून थोडा किरणोत्सर्गी वायू हवेत सोडला जातो. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला तो वायू किती आहे हे दुसऱ्या कुणीतरी मोजून सांगितले, तरच कळते.

म्हणजे येथे कामे दोन आहेत. एक मोजण्याचे आणि दुसरे सांगण्याचे. मोजण्यासाठी यंत्रे लागतात म्हणून आपण पहिल्या कामाला विज्ञान म्हणतो. दुसऱ्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. परंतु १९७९ साली अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे जे घडले ते पाहिले, म्हणजे दुसरे काम पहिल्याइतकेच अवघड आहे हे पटते. प्रस्तुत लेखात त्याच घटनेचा विचार करावयाचा आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. अणुविज्ञान हा माझ्या अभ्यासक्रमाचा विषय नाही. मग हा विषय का निवडला, असे कोणी विचारील. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक कागद वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले आहे; मग ते विजेचे बिल असो, सोसायटीची नोटीस असो की दवाखान्यातला रक्ततपासणीचा रिपोर्ट असो. मी आकडा वाचला की आबा विचारतात, "म्हणजे जास्त की कमी?" आकडा वाचणे आणि आकडा सांगणे यांतील अंतर मला या प्रश्नाने शिकवले. या लेखाचा विषय तोच आहे, फक्त येथे आकडा अणुभट्टीचा आहे.

प्रथम हे वायू कोणते ते पाहू. अणुभट्टीत युरेनियमच्या अणूचे विभाजन होते, तेव्हा त्याच्या तुकड्यांपासून क्रिप्टॉन आणि झेनॉन हे वायू तयार होतात. रसायनशास्त्रात त्यांना अक्रिय वायू म्हणतात, कारण ते सहसा कशाशीही संयोग पावत नाहीत. हा गुण आपल्या सोयीचाही आहे आणि गैरसोयीचाही. ते शरीरात साठून राहत नाहीत, ही सोय. पण ते कोणत्याही गाळणीत कायमचे अडकत नाहीत, ही गैरसोय. म्हणून त्यांना टाक्यांत किंवा कोळशाच्या थरांत काही काळ थोपवून ठेवतात व मग सोडतात. झेनॉन-१३३ या प्रकाराचे अर्धायुष्य सुमारे सव्वापाच दिवसांचे आहे, म्हणजे तेवढ्या दिवसांत तो निम्मा होतो. महिनाभर थोपवला तर फारच थोडा उरतो. क्रिप्टॉन-८५ चे अर्धायुष्य मात्र पावणेअकरा वर्षांच्या आसपास आहे. त्याची वाट पाहत बसणे सोपे नाही.

तिसरा पदार्थ आयोडीन-१३१. त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे. तो वाऱ्याबरोबर गवतावर बसतो, गवतातून गाईच्या पोटात जातो, दुधातून मुलांच्या पोटात येतो आणि गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत साठतो. म्हणूनच केंद्राभोवती केवळ हवा मोजून भागत नाही, दूधही तपासावे लागते.

मोजणी कशी करतात? धुराड्यातून जाणाऱ्या हवेचा एक लहान प्रवाह बाजूला वळवून घेतात. तो आधी कागदाच्या गाळणीतून जातो, तेथे सूक्ष्म कण अडकतात. नंतर कोळशाच्या डबीतून जातो, तेथे आयोडीन अडकते. उरलेला वायू मापकासमोरून जातो आणि मापक त्याचा किरणोत्सर्ग नोंदवतो. धुराड्यातून दर मिनिटाला किती हवा बाहेर पडते हे ठाऊक असते, त्यावरून एकंदर किती वायू गेला याचा हिशेब निघतो. याशिवाय केंद्राच्या कुंपणावर व आसपासच्या गावांत लहान मात्रामापक टांगलेले असतात. ते ठरावीक मुदतीने काढून प्रयोगशाळेत वाचतात.

आता एककांविषयी दोन शब्द, कारण पुढचा सारा घोटाळा समजण्यास त्यांची गरज आहे. चुलीत किती लाकूड जळते आहे ही एक गोष्ट आणि आपण बसलो आहोत तेथे किती धग लागते ही दुसरी गोष्ट. क्युरी हे एकक पहिली गोष्ट सांगते, रेम हे दुसरी. आता बेकरेल व सीव्हर्ट ही एकके रूढ झाली आहेत. १०० रेम म्हणजे १ सीव्हर्ट. रेमचा हजारावा भाग म्हणजे मिलिरेम. धग सांगताना बसण्याची जागा सांगावीच लागते. चुलीच्या तोंडाशी लागणारी धग ओसरीवर लागत नाही.

२८ मार्च १९७९ रोजी पहाटे ४ वाजता पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत पाणीपुरवठ्याचे पंप बंद पडले. दाब कमी करण्यासाठी एक झडप उघडली. ती पुन्हा मिटायला हवी होती, पण मिटली नाही. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र ती मिटल्याचे दर्शवीत होता. वास्तविक झडपेला मिटण्याचा हुकूम दिला गेला आहे, एवढेच तो दिवा सांगू शकत होता. ती खरोखर मिटली की नाही, हे मोजण्याची सोयच तेथे नव्हती. पाणी वाहून गेले, इंधन उघडे पडले आणि अणुगर्भाचा सुमारे निम्मा भाग वितळला. अक्रिय वायू पाण्याबरोबर शेजारच्या इमारतीत पोहोचले व तेथून धुराड्यावाटे बाहेर पडू लागले. धुराड्यातील मापके रोजच्या अल्प प्रमाणासाठी बनवलेली होती. इतका वायू येताच त्यांचे काटे शेवटच्या आकड्यापलीकडे गेले आणि ती निरुपयोगी ठरली. जेव्हा मोजणीची सर्वांत जास्त गरज होती तेव्हाच मोजणी थांबली. किती वायू बाहेर गेला याचा अंदाज पुढे मुख्यतः कुंपणाभोवतीच्या मात्रामापकांवरून करावा लागला.

तिसऱ्या दिवशी, ३० मार्चला, सकाळी एका टाकीतील वायू दुसरीकडे वळवताना त्यातील काही बाहेर निसटला. त्या वेळी हेलिकॉप्टरने धुराड्याच्या सुमारे १३० फूट वर मोजणी केली. आकडा आला ताशी १२०० मिलिरेम. हा आकडा दूरध्वनीवरून अणुनियामक आयोगाच्या कार्यालयात पोहोचला. तेथील तज्ज्ञांनी नेमके त्याच वेळी गणित मांडले होते की, विशिष्ट प्रकारे वायू सुटला तर जमिनीवर ताशी १२०० मिलिरेम मात्रा लागेल. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले! गणित खरे ठरले असे त्यांना वाटले आणि लोकांना हलवावे असा निरोप राज्य सरकारकडे गेला. वास्तविक एक आकडा धुराड्याच्या डोक्यावरचा होता आणि दुसरा माणसाच्या पायाखालच्या जमिनीचा. जमिनीवरच्या नोंदी याहून पुष्कळच कमी होत्या. आकडा बरोबर होता, फक्त त्याची जागा वाटेत गळून पडली होती.

तो निरोप नंतर मागे घेण्यात आला. पण दुपारी गव्हर्नर डिक थॉर्नबर्ग यांनी पाच मैलांच्या आतील गरोदर स्त्रिया व शाळेत न जाणारी लहान मुले यांनी दूर जावे असा सल्ला दिला. एवढ्या गोंधळानंतर बाकीचे लोक घरात स्वस्थ कसे बसतील? सुमारे १ लाख ४० हजार माणसांनी घरे सोडली. पुढे हिशेब झाला तो असा : परिसरातील सुमारे २० लाख लोकांना सरासरी १ मिलिरेम मात्रा मिळाली. छातीच्या एका क्ष-किरण छायाचित्रात त्या काळी सुमारे ६ मिलिरेम मिळत. राष्ट्राध्यक्षांनी जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १९७९ च्या ऑक्टोबरात अहवाल दिला. या अपघाताचा आरोग्यावर झालेला मुख्य परिणाम म्हणजे मनावरचा ताण, असे त्यात म्हटले आहे. 'नुसता ताण' म्हणून तो उडवून लावता येणार नाही. पोटात मूल असलेल्या बाईला सकाळी एक आणि दुपारी दुसरेच सांगितले, तर तिने कोणावर विश्वास ठेवायचा?

या प्रश्नाचे एक चांगले उत्तर तेथेच पुढच्या वर्षी सापडले. इमारतीत कोंडलेला सुमारे ४३ हजार क्युरी क्रिप्टॉन-८५ बाहेर सोडल्याशिवाय साफसफाई शक्य नव्हती. लोक घाबरलेले होते. सरकारी आकड्यांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. तेव्हा आसपासच्या १२ गावांतील सुमारे ५० नागरिकांना मोजणीचे शिक्षण देण्यात आले. मापके त्यांच्याच गावात ठेवली, त्यांनीच ती वाचली व नोंदी जाहीर केल्या. २८ जून ते ११ जुलै १९८० या काळात वायू सोडण्यात आला. शेजाऱ्याने मोजलेला आकडा शेजाऱ्याला समजला. याखेरीज धुराड्यात मोठे प्रमाण मोजू शकणारी मापके बसवणे केंद्रांना भाग पडले आणि आणीबाणी जाहीर होताच १५ मिनिटांत स्थानिक अधिकाऱ्यांना कळवण्याची व्यवस्था सक्तीची झाली.

सांगण्यात घोटाळा झाला तर काय होते हे थ्री माइल आयलंडने दाखवले. सांगितलेच नाही तर काय होते हे चेर्नोबिलने. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री सोव्हिएत संघातील ती भट्टी फुटली. शेजारचे प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामे करण्यात आले. जगाला बातमी कळली ती २८ तारखेला, आणि तीसुद्धा स्वीडनमधील फोर्समार्क केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्ग आढळला म्हणून! दूषित दूध मुलांना वेळीच तोडले गेले नाही आणि पुढील वर्षांत तेथे मुलांमध्ये थायरॉइडचा कर्करोग मोठ्या प्रमाणात दिसून आला. अफवेने घरे सोडावी लागली, तर मौनाने मुले आजारी पडली.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. भारतातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली आपल्याच महाराष्ट्रात, तारापूरला सुरू झाले. भारतातील केंद्रांजवळ पर्यावरण-सर्वेक्षण प्रयोगशाळा असतात. त्या हवा, पाणी, दूध, मासे, भाजीपाला तपासतात. १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ मर्यादा घालून देते, आणि प्रत्यक्ष सोडलेले प्रमाण त्या मर्यादेच्या किती टक्के होते हे आपल्या वार्षिक अहवालात देते. अशी टक्केवारी वाचताना आबांचा प्रश्न विचारला पाहिजे. हे कोणत्या मर्यादेच्या टक्के? कोठे मोजले? केव्हा मोजले? कोणता वायू? वर्षाची सरासरी आहे की एका तासाचा आकडा?

हे प्रश्न विचारण्यासाठी अणुविज्ञानाची पदवी लागत नाही. मापक तयार करणे हे शास्त्रज्ञांचे काम आहे, आणि ते त्यांनाच करू द्यावे. पण मापकावरचा आकडा त्याच्या जागेसह, वेळेसह आणि अर्थासह कोळ्याच्या, शेतकऱ्याच्या घरापर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचवणे हे भाषा शिकणाऱ्यांचे काम आहे. आपण कला शाखेत काय शिकतो, असे आपल्याला पुष्कळदा विचारले जाते. त्यांतील निदान एक उत्तर हे आहे.