दत्तक कुत्रा : कोणत्या वयाचा घ्यावा?

‘डॉक्टर, कुत्रा पाळायचाय. किती दिवसांचं पिल्लू आणू?’ असे बरेच वाचक विचारतात. आधी सांगा, दिवसभर घरी कोण असते? वय त्यावर ठरते.

पिल्लू ८ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. भावंडांशी दंगामस्ती करतानाच ते दात किती जोरात लावायचे हे शिकते. पार्व्हो-डिस्टेंपरची लस ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर ३-४ आठवड्यांनी डोस देत १६व्या आठवड्यापर्यंत न्यावी लागते. रेबीजची लस ३ महिन्यांनंतर. तोवर पिल्लाला रस्त्यावर सोडू नका. पार्व्होची रक्ताची हगवण लागली आणि उशीर झाला, तर ते हाती लागत नाही. शिवाय दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन तासांनी शू-शीला न्यावे लागते. दोघेही कामावर आणि मुले शाळेत, अशा घराला हे झेपत नाही.

अशा घराने २ ते ५ वर्षांचा कुत्रा घ्यावा. त्याचा आकार आणि स्वभाव आधीच दिसतो. मोठ्या कुत्र्याला लळा लागत नाही, हा गैरसमज आहे. थोडे आठवडे द्या. कानाला खाच असेल, तर त्याची नसबंदी बहुधा झालेली असते. घरात आजी-आजोबा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर दात शिवशिवणारे पिल्लू नकोच. ८ वर्षांपुढचा शांत कुत्रा त्यांना चांगली सोबत देतो. मात्र दर सहा महिन्यांनी त्याची तपासणी करा.

वयाबाबत कुणाच्या शब्दावर विसंबू नका, ओठ उचलून दात पाहा. सगळे सुईसारखे दुधाचे दात असतील, तर पिल्लू साधारण ४ महिन्यांच्या आतले. ७ महिन्यांपर्यंत सगळे पक्के दात येतात.

सोलापूरचा उन्हाळा लहान पिल्लांना आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना आधी बाधतो. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो. त्याला पत्र्याखाली बांधू नका. द्राक्षे-बेदाणे देऊ नका, मूत्रपिंड निकामी होऊ शकते. शेंगाचटणीतला लसूणही त्याला घातक.

पिल्लू चावले किंवा ओरखडले, तर जखम साबणाने १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला दाखवा. ‘घरचंच आहे’ म्हणून थांबू नका. आणि कुत्रा कोणत्याही वयाचा घ्या, घरी नेण्याआधी पशुवैद्याला दाखवून लसीचे कार्ड करून घ्या.