पारलिंगी तरुणांचे लैंगिक व प्रजनन आरोग्य : एक दुर्लक्षित रुग्णसेवा

जमाखर्च व रुग्णसंख्या यांबरोबर वार्षिक अहवालात एखाद्या आरोग्यविषयाची माहिती द्यावी, अशी आपली प्रथा आहे. मधुमेह, क्षयरोग, मोतीबिंदू हे विषय आजवर होऊन गेले. यंदाचा विषय काही वाचकांना अनपेक्षित वाटेल. जन्मतः मुलगा अशी नोंद झाली असूनही जी स्वतःला मुलगी मानते, मुलगी अशी नोंद असूनही जो स्वतःला मुलगा मानतो, अथवा जे या दोन्हींत बसत नाहीत, अशा तरुणांच्या आरोग्याविषयी आम्ही लिहीत आहोत. यांतील काही जण किन्नर समाजात राहतात. इतर अनेक जण आपल्याच घरांत, महाविद्यालयांत, अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत असतात आणि कोणाशी काही बोललेले नसतात.

हा विषय निवडण्याचे कारण कल्याणला घडले. हैदराबाद येथे २०२१ साली ‘मित्र’ नावाचे पारलिंगी व्यक्तींसाठीचे चिकित्सालय सुरू झाले. त्याच नावाची चिकित्सालये कल्याण व पुणे येथेही निघाली. एचआयव्हीविषयक सेवा, संप्रेरकांविषयी सल्ला व समुपदेशन तेथे एकाच ठिकाणी मिळत असे. खर्च अमेरिकन शासनाच्या यूएसएड या संस्थेच्या निधीतून चाले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत स्थगित केली आणि तिन्ही चिकित्सालये बंद पडली. हैदराबादचे चिकित्सालय त्याच वर्षी टाटा ट्रस्ट्सच्या साहाय्याने ‘सबरंग’ या नावाने पुन्हा उघडले. अंबरनाथहून कल्याण हे तिसरे स्थानक. सातासमुद्रापलीकडच्या एकाच देणगीदारावर उभी असलेली सेवा एका आदेशाने थांबते, हे हिशेब सांभाळणाऱ्यांना निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आता वैद्यकीय बाजू. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे पुढील माहिती आम्ही डॉक्टरांकडून समजून घेऊन मांडीत आहोत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या व १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ही अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवण्यात आली. ‘बरे करून द्या’ असा आग्रह धरून येणाऱ्या पालकांना आम्ही प्रथम हेच सांगतो. असा ‘उपचार’ करणे हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरविले आहे.

शरीरात जो अवयव आहे त्याची काळजी घ्यावी लागते, मग रुग्णाचे नाव व पोशाख कोणताही असो. हे वाक्य साधे आहे, पण बहुतेक चुका येथेच होतात. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या तरुणाची पाळी थांबते, म्हणून गर्भधारणा होणार नाही असा समज असतो. तो खरा नाही. पाळी बंद असतानाही बीज तयार होऊ शकते, आणि हे औषध गर्भास अपायकारक आहे. म्हणून गर्भनिरोधन स्वतंत्रपणे करावे लागते. गर्भाशयमुख असेपर्यंत त्याच्या कर्करोगाची तपासणीही वयोमानाप्रमाणे करावीच लागते. दुसऱ्या बाजूस, डॉक्टरांना न विचारता औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनास येईल तितक्या घेणाऱ्या मुली आहेत. त्यांतील इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, धूम्रपानाने तो वाढतो. वीर्यनिर्मिती घटते व कधी कायमची थांबते. पुढे अपत्य हवे का, हा प्रश्न औषध सुरू होण्यापूर्वी विचारला पाहिजे. विशीतील व्यक्तीस तो कोणी विचारीत नाही. साहाय्यभूत प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा विवाहित जोडपे व एकटी स्त्री यांचाच विचार करतो, हेही तेव्हाच सांगावे लागते. अप्रशिक्षित हातांनी केलेल्या छाटणीनंतर रक्तस्राव वा मूत्रमार्गाचा संकोच घेऊन येणारे रुग्ण हा याच साखळीचा शेवटचा व सर्वांत दुःखद दुवा होय.

एचआयव्हीचे प्रमाण २०१७ सालच्या राष्ट्रीय पाहणीत या समाजात ३.१४ टक्के आढळले. त्याच वर्षी देशातील प्रौढांत ते ०.२२ टक्के असल्याचा अंदाज होता. चाचणी व औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य आहेत. अडते ते दाराशीच.

या दाराविषयी आमच्यासारख्या प्रशासकाला अधिकाराने बोलता येते. बाह्यरुग्ण विभागात कागदपत्रावरील नाव मोठ्याने पुकारले की दाढी राखलेला तरुण ‘कुमारी अमुक’ म्हणून सर्वांसमक्ष उभा राहतो, आणि पुन्हा येत नाही. आम्ही आता टोकन क्रमांक पुकारतो. संगणकात ‘पुरुष’ अशी नोंद असली की स्त्रीरोग विभागाची पावती निघत नाही, ही अडचण अनेक रुग्णालयांत असते. आमच्याकडे ती पावती हाताने केली जाते. केसपेपरवर ‘कोणत्या नावाने हाक मारावी’ असा एक रकाना वाढविला आहे. त्याचा छपाईखर्च शून्य.

खरी अडचण निर्धन रुग्ण निधीची आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये देयकांच्या २ टक्के रक्कम या निधीत ठेवतात. लाभासाठी शिधापत्रिका वा उत्पन्नाचा दाखला लागतो. घरातून काढून दिलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाची शिधापत्रिका घरीच राहिलेली असते, आणि ती मागण्यास तो परत जाणार नाही. अशांचा खर्च आम्ही सर्वसाधारण देणगी खात्यातून करतो. ते खाते मर्यादित आहे.

अठरा वर्षांखालील रुग्णाबाबत कायदा अधिक कडक आहे. लैंगिक संबंधाची माहिती कळताच २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये पोलिसांना कळवावे लागते. तथापि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. गर्भपाताच्या कायद्यातील ‘स्त्री’ या शब्दात गर्भपाताची गरज पडू शकेल अशा पारलिंगी व्यक्तीही येतात; आणि अल्पवयीन रुग्ण व पालक यांनी विनंती केल्यास गर्भपातासाठी आलेल्या त्या रुग्णाची ओळख डॉक्टरांनी कळविण्याची गरज नाही. हे ठाऊक नसल्याने घाबरलेली कुटुंबे भोंदूंकडे जातात.

आमचे रुग्णालय लिंगबदल शस्त्रक्रिया करीत नाही, संप्रेरकेही सुरू करीत नाही. त्यासाठी मोठ्या रुग्णालयांकडे पाठवितो. परंतु तपासणी, गर्भनिरोधन, गुप्तरोगांवरील उपचार व समुपदेशन ही कोणत्याही साध्या रुग्णालयाची कामे आहेत. दर आठवड्यास एक दुपार स्त्रीरोगतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ व समुपदेशक या तिघांनी यासाठी राखावी, आणि त्याचा खर्च एका मोठ्या देणगीऐवजी अनेक लहान वार्षिक देणग्यांतून भागवावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. ‘हे आपल्या धर्मादाय कार्यात बसते का?’ असे काही हितचिंतकांनी विचारले. न्यासाच्या घटनापत्रात ‘रुग्ण’ या शब्दामागे कोणतेही विशेषण नाही.

तोवर कुटुंबीयांनी मुलास घेऊन, वा मुलांनी एकट्याने, नेहमीच्या वेळेत यावे. खिडकीवर कारण सांगण्याची गरज नाही. ‘समुपदेशकांना भेटायचे आहे’ एवढे पुरे. एचआयव्हीविषयक माहितीसाठी १०९७ व मानसिक आधारासाठी टेलीमानसचा १४४१६ हे शासकीय दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहेत.