ॲस्परॅजिनेजवर पेग चढवताना

रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात, म्हणजे एएलएलमध्ये, ॲस्परॅजिनेज हे विकर देतात. ते रक्तातलं ॲस्परॅजिन फोडतं आणि बाहेरच्या ॲस्परॅजिनवर जगणाऱ्या कर्करोगी पेशी उपाशी मरतात. पण विकर ई. कोलाय जिवाणूचं, शरीर त्याला परकं मानतं आणि लवकर बाहेर काढतं. म्हणून त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या (पेग) साखळ्या जोडतात. असं औषध अमेरिकेत १९९४ साली मंजूर झालं. प्रयोगशाळेत १० मिलिग्रॅम विकरासाठी कृती अशी.

विकर आधी ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ८) थंडीत रात्रभर डायलाइझ करा. कुपीत ग्लायसीन किंवा अमोनियम क्षार असले, तर पेग त्यांच्याशीच जुळून संपतो. ट्रिस बफर याच कारणासाठी बाद. त्यातही अमाइन आहे.

पेगची बाटली (५,००० डाल्टन, टोकाला एनएचएस एस्टर) फ्रीजरमधून काढल्या काढल्या उघडू नका. गार भुकटीवर हवेतलं पाणी बसतं आणि एस्टर वाया जातो. पावसाळ्यात तर विचारूच नका. बाटली खोलीच्या तापमानाला आली की ३६ मिलिग्रॅम तोला. विकराचा रेणू सुमारे १,३८,००० डाल्टनचा, तेव्हा ही मात्रा एका रेणूमागे शंभर साखळ्यांची झाली.

भुकटी कोरडीच, चिमूटचिमूट टाका. आधी पाण्यात विरघळवून ठेवाल, तर एस्टर पाण्याशीच तुटत बसेल. हलकेच ढवळा, फेस नको. पीएच उतरू लागतो. विरल सोडियम हायड्रॉक्साइडने ८ वर आणा. तासाभराने ग्लायसीन घालून क्रिया थांबवा. उरलासुरला पेग १,००,००० डाल्टनच्या गाळणपटलातून, बफर बदलत, धुऊन काढा.

आता जेल चालवा. जेलमध्ये विकराचे चार उपघटक सुटे होतात, म्हणून मूळ पट्टी ३५,००० डाल्टनच्या आसपास असते. पेग लागलेल्या विकराचा वर फरकाटा दिसतो. बेरियम क्लोराइड आणि आयोडीनने रंगवलं की पेग तपकिरी उठतो. किती अमाइन झाकले गेले ते टीएनबीएसने मोजा आणि क्रियाशीलता नेसलर अभिकर्मकाने, सुटलेल्या अमोनियावरून. नेसलरमध्ये पारा असतो, त्याचा कचरा वेगळा ठेवा.

जास्त साखळ्या म्हणजे जास्त चांगलं औषध, हा हिशेब मला पटत नाही. क्रियाशीलता निम्म्याखाली गेली, तर पुढच्या वेळी पेग कमी करा.

तयार द्रव ४ अंशांवर ठेवा, गोठवू नका. त्यात जिवाणूंचं एंडोटॉक्सिन असू शकतं, त्यामुळे हा माल फक्त परीक्षानळीतल्या चाचण्यांसाठी. सुईत भरायचा नाही.