सर्व्हर सारखा बंद पडतोय? आधी वीज तपासा, मग मेमरी

छोट्या उद्योगातल्या सर्व्हरचे दोन नेहमीचे बिघाड आज आपण पाहणार आहोत: पॉवर सप्लाय आणि मेमरी, म्हणजेच रॅम.

कुंभारीत गोदूताई परुळेकर यांच्या नावाने उभी राहिलेली विडी कामगारांची १०,००० घरांची वसाहत आहे. इथल्या बायका घरी विड्या वळतात आणि मजुरी ठरते ती हजार विड्यांवर. असा हिशोब सर्व्हरवर ठेवला, तर एक आकडा चुकणं म्हणजे कुणाच्या तरी घरचा बाजार चुकणं.

आता बघा. संगणक १००० हा आकडा १११११०१००० असा साठवतो. खराब रॅममुळे डावीकडचा पहिला १ जर ० झाला, तर उरतात फक्त ४८८! सप्लाय गेला की काम थांबतं, ते लगेच कळतं. रॅम बिघडली तर काम चालू राहतं, पण चुकीचं. म्हणून घाई न करता क्रमाने जायचं.

पायरी १ : डेटा वाचवा
हिशोबाची प्रत नव्या डिस्कवर घ्या, तारीख लिहा. जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नका. आजचा डेटा आधीच बिघडलेला असेल, तर चांगली प्रतही जाईल.

पायरी २ : बाहेरची वीज
कमजोर सप्लायमुळे चांगली रॅमसुद्धा चुका दाखवते, म्हणून वीज आधी. सॉकेटला २३० व्होल्टच्या आसपास दाब आहे का? अर्थिंग ठीक आहे का? लाइट गेल्याबरोबर सर्व्हर बंद पडत असेल, तर यूपीएसची बॅटरी बघा.

पायरी ३ : पॉवर सप्लाय
मशीन अजिबात चालू होत नाही, जळका वास येतो किंवा काम वाढलं की बंद पडतं, ही याची लक्षणं. साध्या एटीएक्स सप्लायमध्ये पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६, लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. मात्र आकडे बरोबर आले तरी सप्लाय चांगलाच आहे असं नाही. लोड आल्यावर तो ढासळू शकतो. खात्रीचा दुसरा सप्लाय लावून बघणं उत्तम. सप्लायचा डबा मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार धक्का देण्याइतकी वीज राहते.

पायरी ४ : रॅम
बीप वाजणं, निळा स्क्रीन, १६ जीबी असताना ८ जीबीच दिसणं, फाइल न उघडणं, ही रॅमची लक्षणं. सर्व्हर बंद करून वायर काढा. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या धातूला हात लावा. सोलापूरच्या यंत्रमागाजवळच्या ऑफिसात सुताचा तंतू आत साचतो, तो ब्रशने काढा. मग एकच पट्टी लावून मेमटेस्ट रात्रभर चालवा. चूक आली तर तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी खराब. जुन्या स्लॉटमध्येच राहिली तर स्लॉट खराब. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते कळणारच नाही.

सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असेल तर ती एका बिटची चूक स्वतः सुधारते, दोन बिटांची फक्त कळवते. लॉगमध्ये अशा सुधारलेल्या चुका वाढत असतील, तर पट्टी बंद पडायची वाट बघू नका.

पायरी ५ : हिशोब पडताळा
मशीन सुरू झालं म्हणजे काम संपलं, असं समजू नका. लॉगमधल्या पहिल्या चुकीची तारीख शोधा. त्याच्या थोडं आधीपासूनच्या नोंदी कागदी वहीशी जुळवा. जुळल्यावरच मजुरी वाटा.

स्वाध्याय : १११११०१००० मध्ये उजवीकडून पाचवा ० जर १ झाला, तर कोणता आकडा होईल? उत्तर १०१६ आलं, तर धडा समजला. आता सांगा, मालकाला यातून काय नुकसान होईल, आणि ४८८ झाले असते तर कुणाला?