यमाईच्या वळणावर लागलेला दिवा

1910 साली किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभारला. तेव्हापासून आमच्या मुलखाला ‘आपलं आपणच खोलून बघू’ची खोड लागली, असं मी गमतीनं म्हणतो. त्याच खोडीपायी अंगणात जॅक लावून गाडीचे पुढचे ब्रेक पॅड बदलले. पेडल टणक लागलं, छाती फुगली. घरच्यांना घेऊन डोंगरावरच्या यमाईदेवीच्या दर्शनाला निघालो.

डोंगराच्या रस्त्याला एका अवघड उजव्या वळणावर एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला. गाडी बंद करून सुरू केली, विझला. पुढच्या उजव्या वळणावर पुन्हा हजर.

एका मेकॅनिकनं बॉनेटही न उघडता निकाल दिला, “मॉड्यूल गेलं.” दुसऱ्यानं स्कॅनर लावला. डाव्या पुढच्या चाकाचा सेन्सर, असं निघालं. नवा सेन्सर मागवणारच होतो. सहज स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून चाकामागे टॉर्च मारला, तर सेन्सरची वायर दावणीच्या दोरीसारखी ताणलेली! कॅलिपर काढताना आड येते म्हणून मीच ती क्लिपमधून सोडवली होती. परत अडकवायला विसरलो. ओढ बसून कनेक्टर अर्धा निसटला होता. तो ‘टक्’ वाजेपर्यंत बसवला, वायर क्लिपमध्ये घातली. खर्च शून्य. काखेत कळसा, गावाला वळसा.

म्हणून सांगतो, घरच्या कामानंतर बिघाड झाला, तर आधी आपला हात जिथं लागला तिथंच बघा.

एकटा पिवळा दिवा असेल, तर साधा ब्रेक सहसा लागतो. पण जोरात दाबला तर चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते. बेतानं चालवा. ब्रेकचा लाल दिवाही लागला किंवा पेडल खाली जायला लागलं, तर गाडी जागची हलवू नका.

कोरड्या रस्त्यावर हळू थांबतानाच पेडल थरथरतं का? सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या, सेन्सरसमोरच्या रिंगेवरचा गंज बघा. कापडानं पुसा, हातोडी नको.

पेडल स्पंजासारखं लागत असेल, तर लाइनमध्ये हवा असू शकते. ती एबीएस युनिटमध्ये शिरली असेल, तर काही गाड्यांत स्कॅनरनं पंप फिरवूनच काढावी लागते. तिथं हौस आवरा.

स्कॅनर एबीएस वाचतो का, हेही आधी विचारा. बरेच स्वस्त स्कॅनर इंजिनापुरतेच असतात. आणि स्कॅनरवरचा कोड बऱ्याचदा फक्त चाक दाखवतो. दोष सेन्सरचा, वायरचा, कनेक्टरचा की रिंगेचा, ते आपणच शोधायचं.

हल्ली चाक खोलण्याआधी मी मोबाइलवर फोटो काढतो. काम झालं की पेडल टणक होईपर्यंत दाबतो, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून वायर बघतो. मगच यमाईचा डोंगर.